कोल्हापूरच्या आसपासच्या रणवाटा: चौथीतल्या लेकीला आणि सत्तरीतल्या आप्पांना कशा दाखवू?

पंचगंगाकाठची
नमस्कार मंडळी. लेक यंदा चौथीत. परवा पन्हाळ्याच्या वेढ्याचा धडा वाचता वाचता तिनं विचारलं, "आई, महाराज एका रात्रीत गेले ती वाट किती लांब?" मी म्हटलं, खूप लांब. "खूप म्हणजे? शाळेपर्यंत दहा वेळा?" मला सांगता येईना. जन्म कोल्हापुरात गेला, पन्हाळ्यावर भजी-झुणका खायला शंभरदा गेले असेन, पण महाराज ज्या वाटेनं गडाखाली उतरले त्या राजदिंडीच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही.

आप्पा (माझे वडील) शेजारीच बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी हाच धडा शिकवला. म्हणाले, "मी पण चाललो नाही गं कधी. पोरांना सांगत राहिलो नुसतं." आता वय ७३ आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

दोघांना एकत्र न्यायचं ठरवलंय. तीन प्रश्न आहेत. अख्खी वाट न चालता तुकड्या-तुकड्यांनी बघता येईल का? पावसात जावं की दिवाळीनंतर? आणि पन्हाळा-पावनखिंड सोडून आपल्या जिल्ह्यात लढायांच्या आणखी कोणत्या जागा आहेत, जिथं उभं राहिल्यावर काहीतरी कळतं?

घाटवाट
ताई, तिसऱ्या प्रश्नातले शेवटचे चार शब्द आवडले.

पन्हाळा ते पावनखिंड पायवाटेनं पन्नासेक किलोमीटर भरते. मी पाच वेळा केली, चार वेळा आषाढात आणि एकदा जानेवारीत. राजदिंडीनं उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. बहुतेक जण मुक्काम इथंच कुठंतरी टाकतात. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी, खिंड.

लोकांना वाटतं ही गडावरून गडावर जाणारी डोंगराची वाट. तशी नाही. पठार संपलं की भातखाचरं, ओढे, दाट झाडी, पुन्हा खाचरं. चिखलात पाय घोट्याच्या वर जातो आणि उपसून काढावा लागतो. आम्ही दिवसाउजेडी, पायात बूट, पाठीवर डबा, वाटेत चहा, तरी दोन दिवस लागले. ते सहाशे लोक रात्री, पावसात, पालखी खांद्यावर घेऊन पळत होते. पौर्णिमा होती खरी, पण आषाढातल्या पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडं कुणाला दिसतो? मांडलाईवाडीच्या अलीकडं एका ओढ्यात मी गुडघाभर पाण्यात उभा होतो तेव्हा हे पहिल्यांदा अंगाला कळलं. त्याआधी नुसतं पाठ होतं.

लेकीला उत्तर द्या: शाळा दोन किलोमीटरवर असेल तर पंचवीस वेळा.

भाकरी_ठेचा
पंचवीस वेळा शाळा म्हटल्यावर पोरगी वाटेला लागायच्या आधीच दप्तर टाकून देईल की ओ! 😄 जाताना तिच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू ठेवा, माझी पोरं त्याच्यावर अख्खं मसाई पठार चालली.

शाहूवाडीकर
ताई, मी पांढरेपाण्याजवळचाच. आषाढात हिकडं हजारांनी माणूस येतंय, जथ्थंच्या जथ्थं. लई बरं वाटतंय बगून. आमच्या आया-बाया चहा-पिठलं करून घालत्यात, शाळा उघडून दित्यात मुक्कामाला. पर म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत आनू नका. चिखल तुडवून तुडवून वाट लोण्यावानी हुत्या, तरणी पोरं आपटत्यात.

आनि येक मागनं हाय समद्यांस्नी. ते खांद्यावरचं स्पीकर घरात ठेवून या. रानात गवं हायत, बारकी पोरं झोपल्याली असत्यात. आनि पान्याच्या बाटल्या आमच्या खाचरात टाकू नका, भात लावताना काच-प्लास्टिक हाताला लागतंय.

घाटवाट
@शाहूवाडीकर शंभर टक्के. गेल्या वर्षी आमच्या गटानं एक पोतं भरून बाटल्या परत आणल्या, आणि पोतं ओढ्याच्या एकाच वळणावर भरलं होतं.

जुना_दप्तरी
थोडी पार्श्वभूमी लिहितो, म्हणजे जागा बघताना क्रम डोक्यात राहील.

अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. पुढे बरोबर महिन्याने, २८ डिसेंबरला, कोल्हापूरजवळ आदिलशाही सरदार रुस्तुमेजमान आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान यांच्या फौजेचा महाराजांनी उघड्या मैदानात पराभव केला. ही लढाई आपल्या गावची, पण गावात तिची खूण नाही आणि आठवणही फारशी नाही. शत्रू बेसावध नसताना, समोरासमोर, सपाटीवर जिंकलेली म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले, त्याची किंमत इंग्रजांना पुढच्याच वर्षी राजापुरात मोजावी लागली. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. पावसाळ्यातही वेढा उठला नाही. मग १२ जुलैची रात्र.

आणि एक गोष्ट धड्यात येत नाही ती लेकीला जरूर सांगा: विशाळगडालाही तेव्हा वेढा होता. सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी आदिलशाहीकडून तिथे बसले होते. म्हणजे एवढं चालून गेल्यावर गडात शिरायलाही लढावंच लागलं.

पंचगंगाकाठची
@जुना_दप्तरी हे आप्पांना वाचून दाखवलं. विशाळगडाच्या वेढ्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "हे मी दरवर्षी फळ्यावर नकाशा काढून सांगायचो." त्यांची परीक्षा घेऊ नका म्हणे. 🙂

नेबापूरची_नात
माझं आजोळ पन्हाळ्याच्या पायथ्याला नेबापूर. शिवा काशीद आमच्या गावचे. बहुतेक लोक गाडी घेऊन सरळ वर जातात, बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ फोटो काढतात आणि तबक उद्यानात डबा उघडतात. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं समाधीवर या.

बाजीप्रभूंना निदान हातात तलवार होती, आजूबाजूला आपली माणसं होती. दुसऱ्या पालखीत बसलेला माणूस एकटा होता. पकडले जाणार हे ठरूनच निघालेला, आणि जितका वेळ आपण महाराज आहोत असं समोरच्याला वाटेल तितका वेळ पहिली पालखी पुढं जाणार. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी एक वाक्य म्हणायची, "दाढी करणाऱ्या हातानं राज्य राखलं." ते तिचं स्वतःचंच वाक्य होतं.

पेठेतला_गडी
लांब कशाला जायचं, सुरुवात भवानी मंडपापास्नं करा की! ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. तो मोडला, पण त्याच डिसेंबरात पुन्हा उठाव झाला, बंडवाल्यांनी शहराच्या वेशी लावून घेतल्या. इंग्रज फौज घुसली, पकडलेल्यांना मारलं. कोल्हापूरच्या तेव्हाच्या महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत. सीपीआर दवाखान्याजवळच्या चिमासाहेब चौकातनं आपण रोज हॉर्न वाजवत जातो. आप्पांना चालायला लागणार नाही, रिक्षानं सगळं होतंय.

गडहिंग्लजचा_पोरगा
आमची नेसरी कुणी काढलीच नाही अजून?

गडहिंग्लजच्या पुढं नेसरीची खिंड. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार आदिलशाहीच्या बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. त्याआधी वर्षभर, १६७३ ला, उमराणीला त्यांनी खानाचं पाणी तोडून त्याला कोंडलं होतं आणि शरण आल्यावर सोडून दिलं होतं. खान उलटला. महाराजांनी बजावलं, त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका. तिथं स्मारक आहे, गाडी अगदी जवळ जाते. दरवर्षी मी तिथं जातो. उभं राहून बघितलं की समोर उतार आणि मोकळी जमीन, लपायला झुडूपसुद्धा नाही. सात घोडी वरनं निघाली तेव्हा खालच्यांना ती पार जवळ येईतो दिसत असणार.

घाटाखालचा
पटणार नाही बऱ्याच जणांना, पण लिहितो. नेसरीला मला अभिमानापेक्षा वाईटच जास्त वाटतं. सरसेनापती सहा जणांना घेऊन जातो आणि फौज मागे राहते, यात स्वराज्याचं नुकसान झालं. लहान मुलांना फक्त "वेडे वीर" एवढंच सांगू नये असं मला वाटतं.

गडहिंग्लजचा_पोरगा
@घाटाखालचा वाईट वाटतंच की, आम्हाला काय कमी वाटतंय? पण ज्याला धन्याचं एक पत्र एवढं लागलं तो माणूस समजून घ्या. आणि महाराजांनाही ते लागलं. त्यांनी राजाराम महाराजांसाठी प्रतापरावांची लेक सून करून घेतली, हंबीररावांना सरसेनापती केलं. तिथून साडेतीन महिन्यांत, ६ जूनला, रायगडावर राज्याभिषेक. नेसरीत उभा राहिलो की मला ती रिकामी मानाची जागा आठवते.

जुना_दप्तरी
दोघांचंही बरोबर आहे, आणि मुलीला दोन्ही सांगता येतं. एक सूचना: बाकीच्या सहा स्वारांची नावं वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळी येतात, तेव्हा ती घोकून घेऊ नका.

घाटाखालचा
@गडहिंग्लजचा_पोरगा मान्य. लेक सून करून घेतली ही गोष्ट मी मुलाला कधी सांगितलीच नव्हती. आज सांगितली.

गडहिंग्लजचा_पोरगा
मग आता नेसरीला घेऊन या त्याला. आणि जोडून सामानगड करा. १८४४ चा गडकऱ्यांचा, म्हणजे गड राखणाऱ्या लोकांचा, उठाव तिथं पेटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या दाबाखाली दाजी कृष्ण पंडित कारभारी झाला, त्यानं गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. गडावरच्या लोकांनी दरवाजे लावून घेतले. मग भुदरगड, पन्हाळा, सगळीकडं पसरलं. पन्हाळ्यावर तर कर्नल ओव्हान्सलाच कैद करून ठेवलं होतं. मोडून काढल्यावर इंग्रजांनी गडांची तटबंदी, दरवाजे पाडले. पन्हाळ्यावर गाडी आज सहज आत शिरते ना, तिथं चार दरवाजा होता.

पंचगंगाकाठची
अरे देवा. शंभर वेळा त्या मोकळ्या जागेतून गाडी घातली असेल मी. तिथं काहीतरी पाडलंय हे कधी मनातही आलं नाही.

भाकरी_ठेचा
माझ्याकडून एक लढाई. १७९९ ला करवीरकर (कोल्हापूरचे छत्रपती) आणि पटवर्धनांच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन पडले. मराठ्यांची मराठ्यांशी लढाई, म्हणून कुणी सांगत नसावं. माझ्या चुलत्यांनी शेताच्या बांधावर बसून सांगितली होती मला.

घाटाखालचा
ही पण सांगायला हवी. पेठवडगावला धनाजी जाधवांची समाधी आहे, तीही वाटेवर होईल.

जुना_दप्तरी
खिंडीबद्दल एक. आज पावनखिंड म्हणून जिथे पाटी, स्मारक आणि पायऱ्या आहेत ती जागा सर्वांना माहीत आहे. जुन्या कागदांत उल्लेख येतो तो गजापूरच्या खिंडीचा, आणि लढाईची नेमकी जागा कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत असं की तीनशे माणसांनी मोठी फौज काही तास थोपवायची तर लढाई एका अरुंद फटीत न होता पुढे-मागे सरकत, वळणावळणावर झाली असणार. म्हणून तिथे गेल्यावर फक्त खिंडीत उतरून परत फिरू नये. आजूबाजूचं रान, गजापूरकडचा उतार, सगळं बघावं.

शाहूवाडीकर
व्हय दादा, खरं हाय. आमचं म्हातारं बी म्हनायचं, लडाई येका जाग्याला उबी ऱ्हात नाय.

नवखा_ट्रेकर
मध्येच विचारतो, विषय सोडून आहे. जळवांचं काय करता? मागच्या जुलैत माझ्या पायाला अकरा लागल्या होत्या.

भाकरी_ठेचा
अकरा म्हणजे संघ पूर्ण झाला, बारावा राखीव! 😄

शाहूवाडीकर
तंबाकूचं पानी पायाला चोळायचं, मोज्यात मीठ. आमी बारीक असल्यापास्नं ह्येच करतोय.

डॉक्टरीणबाई
जळू ओढून तोडू नका. नखाची कड कातडीला सपाट लावून तिचं तोंड बाजूला सरकवा, सुटते. नंतर साबणाने धुवा. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे बराच वेळ रक्त येत राहतं. घाबरू नका, स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मोजा लाल बघून रडारड होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र पावसात या रानात जाऊ नये.

आणि @पंचगंगाकाठची, आप्पांच्या गुडघ्यासाठी: चढापेक्षा उतार त्रास देतो. दोन काठ्या द्या, एक नको. खिंडीच्या पायऱ्या ओल्या असतील तर त्यांना वरच बसवा. हट्ट करतील. करू देत, बसवा.

घाटवाट
आता मूळ प्रश्नाकडं येतो, नाहीतर ताई म्हणतील विचारलं काय आणि चाललंय काय.

दिवाळीनंतर जा. गवत सोनेरी झालेलं असतं, ओढ्यांना थोडं पाणी असतं, वाट वाळलेली असते. दोन दिवस ठेवा.

पहिला दिवस: नेबापूरची समाधी, मग गड. घाई करू नका. अंबारखान्याच्या धान्याच्या कोठ्या बघा, कारण चार महिने वेढ्यात माणसं जगली ती अशा धान्यावर. सज्जाकोठीवरून खाली बघा आणि मुलीला विचारा, तू सिद्दी जौहर असतीस तर तळ कुठं टाकला असतास? तिथून राजदिंडी. आप्पा वर थांबतील, तुम्ही दोघी शंभर पावलं उतरून परत या. दुपारी मसाई पठार. गाडी पठाराच्या कडेपर्यंत जाते आणि वर अगदी सपाट आहे, आप्पांना हवं तेवढं चालू द्या. या आडव्या सपाटीवर रात्री काही आडोसा नाही हे बघितल्यावर त्यांनी पावसाची रात्र का निवडली ते कळतं.

दुसरा दिवस: मलकापूरवरून पांढरेपाणी, पावनखिंड, मग विशाळगड. गडावर बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू या दोघा भावांच्या समाध्या आहेत. तिथे चढ आहे, आप्पांची तब्येत बघून ठरवा. आणि बांदलांचं नाव घ्यायला विसरू नका. खिंडीत उभे राहिले ते बहुतेक बांदलांचे लोक. महाराजांनी पुढं मानाचं पहिलं पान जेध्यांकडून घेऊन बांदलांना दिलं, आणि जेध्यांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं.

पंचगंगाकाठची
ठरलं. आप्पांनी वही काढलीय. आणि लेकीचा नवा प्रश्न: विशाळगडावरच्या तोफा खिंडीत खरंच ऐकू येतील का?

घाटाखालचा
वारा कुठला आहे त्यावर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे विशाळगडाकडून खिंडीकडे. आवाज यायला सोयीचाच.

जुना_दप्तरी
पाण्याच्या आणि लढाईच्या आवाजात ऐकू येणं अवघड. पण वाऱ्याचा मुद्दा चांगला आहे, माझ्या लक्षात आला नव्हता.

शाहूवाडीकर
पोरीला घेऊन या, हितंच उबं राहून बगू. यायच्या आदल्या दिशी हितं लिवा, घरात भाकरी टाकाय सांगतो.

पंचगंगाकाठची
(पाच महिन्यांनी)

मंडळी, जाऊन आलो.

नेबापूरला आप्पांनी चपला काढल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सज्जाकोठीवर लेकीनं सिद्दी जौहरचे चार तळ ठरवले आणि राजदिंडीकडची बाजू नेमकी मोकळी सोडली. आप्पा म्हणाले, "झालं, गेले महाराज!" राजदिंडीत शंभर पावलं म्हणता म्हणता आम्ही चारशे उतरलो, चढताना माझाच दम निघाला. मसाई पठारावर आप्पा दोन काठ्या घेऊन जवळजवळ दोन किलोमीटर चालले. मी परत फिरूया म्हटलं की "त्या झाडापर्यंत" म्हणायचे, आणि पठारावर झाडं फार लांब लांब आहेत.

खिंडीत डॉक्टरीणबाईंचं ऐकून त्यांना वर बसवलं. हट्ट केला, अपेक्षेप्रमाणे. लेक खाली उतरली तर त्यांनी वरूनच धडा सुरू केला, वर्गातला आवाज लावून. पुस्तक नाही, काही नाही. इचलकरंजीचं एक कुटुंब आणि चार-पाच कॉलेजची पोरं पायऱ्यांवरच थांबून ऐकत राहिली. "खिंडीत तुम्ही कुठे उभे राहाल?" असं विचारल्यावर त्यातल्या एकानं हात वर केला!

@शाहूवाडीकर दादा, वहिनींच्या हातची नाचणीची भाकरी आणि पिठलं आप्पांना अजून आठवतं. डबा परत द्यायचा राहिलाय.

तोफांचं. लेकीनं खिंडीत सगळ्यांना गप्प बसवलं, दादांनाही. पाण्याचा बारीक आवाज, पाखरं, बाकी काही नाही. मग फार लांबून, विशाळगडाकडच्या वळणावरून, एसटीचा हॉर्न ऐकू आला. तिनं लगेच निकाल दिला: हॉर्न येतो, मग तोफ येणारच.

नेसरीला महाशिवरात्रीला यायचं म्हणतायत आप्पा. @गडहिंग्लजचा_पोरगा, त्या दिवशी तिथं गाडी कुठवर येऊ देतात?

गडहिंग्लजचा_पोरगा
पार स्मारकापर्यंत. आप्पांना म्हणावं आवाज जपून ठेवा, आमच्या गल्लीतली पोरं गोळा करतो.